प्रणालीपासून एक हात अंतर

६ ऑक्टो., सोम.

मामाशी पहिल्याच दिवशी वाजलं. मी म्हटलं, रस्त्याच्या कामावरचा रोलर आणू, दोन फेऱ्या मारू, दुपारपर्यंत लॉन टेबलासारखं होते. मामा म्हणे, "आन् खालचे पाण्याचे पाइप? बीतभरबी खोल नाहीत. पापडासारखे जातीन."

"मंग नवे टाकू."

"तू टाकशीन?"

गप्प बसलो. म्हणजे घमेल्याला एक लाथ मारली आणि मग गप्प बसलो.

काम असं. साहेब म्हणजे मालक, त्यांचं लग्नसमारंभाचं लॉन, दीड एकर हिरवळ. काळी माती पावसात फुगली, आता वाळून आवळतेय. कुठे टेंगूळ, कुठे खड्डा. गेल्या सीझनला नवरदेवाची आत्या भरल्या ताटासकट पडली होती म्हणे. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू, पहिलं बुकिंग ४ नोव्हेंबरचं. तोवर सगळं सपाट पाहिजे आणि खालचा एकही पाइप फुटता कामा नये. पाइप कुठून कुठे गेलेत याचा नकाशा कोणाकडेच नाही. ज्यानं टाकले तो प्लंबर गाव सोडून गेला.

मामाची नर्सरी, काम मामाचं. पण तो उद्यापासून नरखेडकडे, संत्र्याच्या कलमांसाठी. इथे मी आणि बेबीबाई.

पप्पा सकाळी गाडीला किक मारता मारता म्हणाले, "कॉलेज सोडलं. दुकानातलं काम भांडून सोडलं. हे तिसरं. हे गेलं तं सीधा बुटीबोरी." कंपनीत कोणाला तरी सांगून ठेवलंय त्यांनी. बारा तास ड्युटी, राहायचंही तिकडेच.

बुटीबोरीत सगळं असेल. प्र. नसेल.


७ ऑक्टो., मंगळ.

पाणी सोडलं, सगळे फवारे फिरवले. जिथे फवारा तिथे काडी, काडीला लाल चिंधी. चिंध्या बेबीबाईनं घरून आणल्या, जुन्या लुगड्याच्या. ती मूळची कुहीकडची, उभी जिंदगी भाताच्या खाचरात, तिच्या भाषेत धानाच्या बांधीत, गेली, आता मामाकडे असते. मला "बापा" म्हणते आणि ऐकत काहीच नाही.

काड्या मोजल्या. मोठ्यानं म्हटलं, "एकतीस."

बुकिंगच्या खोलीच्या खिडकीतून आवाज आला, "बत्तीस."

प्र.!

"स्टेजमागचा राहिला. मार्चमध्ये त्यानंच फोटोवाल्याले भिजवलं होतं."

जाऊन पाहिलं. होता, गवतात दडून.

(प्र. म्हणजे प्रणाली. इथलं बुकिंग पाहते, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. वही कोणाच्या हाती लागली तर नाव नको म्हणून नुसतं प्र. लिहायचं ठरवलं होतं. आता लिहूनच बसलो.)

मार्चमध्ये कुंड्या उतरवायला आलो तेव्हापासूनचं आहे हे. सात महिन्यांतलं एकूण बोलणं : "कुंड्या कुठे ठेवू?" "तिकडे." आज त्यात बत्तीसची भर.


९ ऑक्टो., गुरु.

आजचं लिहून ठेवायलाच पाहिजे.

गेटजवळचं टेंगूळ सगळ्यात मोठं. दोन फवाऱ्यांमध्ये दोरी ताणायची, पाइप साधारण त्या दोरीखाली असतो, हे मामानं सांगून ठेवलेलं. दोरी नेमकी टेंगळावरून गेली. खुरप्यानं अर्धा तास खरवडलं तेव्हा इंचभर माती निघाली. ऊन असं की शर्ट पाठीला चिकटला. डोकं फिरलं. कुदळ उचलली.

बेबीबाई आली आणि टेंगळावर मांडी घालून बसली.

"सरक ना, बाई."

"घाल. माह्या डोस्क्यात घाल. डोस्कं फुटलं तं टाके पडतीन. पाइप फुटला तं तुह्या मामानं तोंड कुठं दाखवाव?"

कुदळ फेकली. ती तरी उठेना. पाच मिनिटं तसेच, ती बसून, मी उभा.

मग हातानं. बोटांनी माती काढत गेलो आणि पाइप लागला. चार बोटांवर. वीतभर नाही, चार बोटं! माती फुगली तेव्हा पाइपलाही वर घेऊन आली. म्हणजे टेंगूळ जितकं मोठं तितका पाइप वर. माझा पहिलाच घाव सरळ त्याच्यावर…

बेबीबाईला पाणी आणून दिलं. सॉरी तोंडून निघालं नाही. ती पाणी पिऊन म्हणाली, "कालिजात हे नाही का शिकवत, बापा?"

कॉलेजात मी जर्नल फेकायला शिकलो. सेकंड इयर, व्हायवा. सर म्हणे कॉपी केलंस. केलं नव्हतं. जर्नल तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली, मागोमाग मी, जिन्यानं. परत वर गेलो नाही.

आज कुदळ पडली नाही. बस. झोपतो.


११ ऑक्टो., शनि.

पद्धत बसली. टेंगळावर गवताला इंग्रजी एच् सारखा चिरा द्यायचा, दोन्ही पदर कपाटाच्या दारासारखे उघडायचे, मुळासकट. आतली माती हातानं काढायची. पाइप वर आलेला असला तर दोन्हीकडे लांब चर काढून त्याला हळूच खाली बसवायचं, खाली रेती. एका जागी दाबला तर जोडातून सुटतो. मग पदर मिटायचे, पायानं थोपटायचं, नळीनं पाणी, फवारे काम संपेपर्यंत बंद. आज चार टेंगळं. रोलरनं किती झाली असती, हा हिशेब डोक्यातून जात नाही.

खड्ड्यांना वरून भर. चाळलेली रेती, लाल माती, कुजकं शेणखत. पण एका वेळी अर्धा इंचच. गवताची टोकं वर दिसली पाहिजेत. मी एका खड्ड्यात एकदम घमेलंभर ओतलं तर बेबीबाईनं परत उपसायला लावलं.

"गवताले नाक नसते का, बापा?"

भर सारखी करायला तिनं लांब फळीला दोर बांधला. बांधीत चिखल असाच सारखा करतात म्हणे. ती फळीवर उभी राहिली आणि ओढायला मी. बैलाचं काम. पण झालं काय सुंदर.


१३ ऑक्टो., सोम.

घाईत पश्चिमेची भिंतीकडची पट्टी भरून काढली. दुपारी प्र. चप्पल हातात घेऊन त्या पट्टीवरून चालत आली.

"हे झालं सपाट?"

"दिसत नाही का?" मी. असंच बोललो, या शब्दांत. सात महिने जिच्याशी बोलायचं होतं तिच्याशी.

"दिसते ना. म्हणून तं विचारलं." गेली.

मागोमाग ऑफिसच्या दारापर्यंत धावलो, सॉरी म्हणायला. तिनं वळून पाहिलं, मी नुसता उभा. वर पाहिलं तर गच्चीवर साहेब, हात मागे बांधून, माझ्याकडेच बघत.


१४ ऑक्टो., मंगळ.

मेलो. बुटीबोरी बरी.

जेवायची सुट्टी. मोबाइलवर साहेबांचा मेसेज, "लॉन कामकाज" ग्रुपवर. ग्रुपात चौघं : साहेब, मामा, प्र., मी. मेसेज जसाच्या तसा उतरवतो :

"श्री. अंकुश यांस. प्रणालीच्या बाबतीत आपला उतावळेपणा मी स्वतः गच्चीवरून पाहिला आहे. ती अतिशय नाजूक असून तिची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे. गतवर्षी एकाने तिला दुखापत केली, त्यास मी त्याच दिवशी फाटकाबाहेर काढले. यापुढे तिच्यापासून एक हात अंतर राखावे."

डोक्यात सणक गेली. कोणी दुखापत केली तिला? आणि मी काय केलं? दारापर्यंत धावलो, एवढंच ना! हात धुतले नव्हते, भाजीच्या बोटांनी टाइप केलं :

"साहेब मी तिले आजपर्यंत बोट लावलं नाही. मनात असणं गुन्हा नाही. लग्न करीन तं तिच्याशीच करीन आन् तिले विचारूनच करीन. अंतर ठेवाले लावणारे तुम्ही कोण?"

पाठवलं. बरं वाटलं, मोजून अर्धं मिनिट.

साहेब : "बोध झाला नाही. विवाह कोणाचा? बुकिंग असल्यास तारीख कळवावी."

मग मामाचा फोन. आधी नुसता हसण्याचा आवाज, मागे एसटीचा भोंगा. "अबे बैला! सिंचन प्रणाली! तुषार सिंचन प्रणाली! साहेब जिंदगीभर शेती खात्यात होते, ते पाइपले पाइप नाही म्हणत!"

गच्चीवरून पाहिलं ते कुदळीचं. गुरुवारचं.

मेसेज उडवायला गेलो, घाबरून "माझ्यासाठी हटवा" दाबलं. माझ्या फोनमधून गेला. बाकी तिघांकडे आहे. तिघांनीही वाचलेला.

दुपारनंतर खिडकीकडे पाठ करून काम केलं. पाच टेंगळं. आजवरची सगळ्यात जास्त.


१५ ऑक्टो., बुध.

सकाळी उठलोच नाही. पप्पा पडदा सारून उभे. "काहून, गेला नाहीस? करू का फोन बुटीबोरीले?" उठलो.

गेटवर साहेब. "अंकुश, काल आपण विवाहाविषयी काही लिहिले होते."

"चुकून आलं साहेब. दुसऱ्या ग्रुपचं."

"अस्सं. मग तारीख नाही?"

"नाही."

"हरकत नाही." त्यांना कळलं की नाही, चेहऱ्यावरून काही कळत नाही. सरकारी चेहरा.

बेबीबाईला मामानं फोन करून सगळं सांगितलेलं. दिवसभर "बापा" बंद, "नवरदेव" सुरू. "नवरदेव, घमेलं आणा. नवरदेव, तुमचा पाय पाइपावर हाये."

प्र.ची खिडकी दिवसभर बंद.


१६ ऑक्टो., गुरु.

प्र. आज स्वतः आली, मी गवताचे पदर उघडून गुडघ्यावर बसलेला असताना. उठता येईना, पाइप हातात.

"साहेबांच्या प्रणालीपासून एक हात ना?"

"हो."

"माह्यापासून दोन ठेव."

बेबीबाईनं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "ते ग्रुपवर चुकून…"

"चुकून म्हणजे? खोटं लिहिलं का?"

"खोटं नाही."

"मंग चुकून काहून म्हणतो? पण ग्रुपवर नाही सांगायचं. मामा वाचते, साहेब तारीख विचारते. सांगायचं असलं तं तोंडानं सांगायचं. आन् आता नाही. आधी हे काम पुरं कर. हेबी अर्ध्यात टाकलं तं मले काही सांगूच नको."

"आणि पुरं केलं तर?"

"तं ऐकीन. ऐकीन म्हटलं, बाकी काही म्हटलं नाही."

चिडली होती की हसत होती? दोन्ही. पाइप इतका घट्ट धरला होता की बोटांवर वळ. पण ऐकीन म्हणाली. ऐकीन!

म्हणजे आता पाइप फुटला तर बुटीबोरी, आणि काम टाकलं तर बुटीबोरीत बसून हेही आठवत राहायचं. सोपं झालं एक प्रकारे.


१९ ऑक्टो., रवि.

शेवटचं टेंगूळ गेलं. सत्तावीस एकूण. दोरी, खुरपं, बोटं. कुदळ मामाच्या नर्सरीत परत पाठवून दिली, जवळ असली की हात जातो.


२१ ऑक्टो., मंगळ.

लक्ष्मीपूजन. सुट्टी. चिवडा, शेव, पाहुणे. "मग, सध्या काय करतो?" आत्येभाऊ. "लग्नाच्या लॉनचं काम." "इव्हेंटमध्ये का?" हो म्हटलं.

दुपारी उगाच गाडी काढून लॉनवर गेलो. भरीतून गवत वर आलंय, बारीक, पोपटी. चिरा दिलेल्या रेघा शोधाव्या लागतात. कोणीच नव्हतं. अनवाणी दोन फेऱ्या मारल्या.


२४ ऑक्टो., शुक्र.

मामा परत. तोही अनवाणी चालला, डोळे मिटून, टाचेनं चाचपत. "इथं अजून अर्धा इंच. तिथं बी. बाकी…" आणि पाठीवर थाप मारली, जोरात.

मग हातरोलर. पोकळ असतो, पाणी भरलं की जड. मी काठोकाठ भरायला निघालो, मामानं नळ बंद केला. अर्धाच. माती ओलसर पाहिजे, ओली नको, ओल्या काळ्या मातीवर रोलर म्हणजे विटा पाडणं. दुसऱ्या बाजूनं मी ओढत होतो, मामा विचारतो, "तारीख काढली का मंग?"

चिडलो नाही. म्हणजे थोडा चिडलो, पण रोलर सरळ ठेवला.


३० ऑक्टो., गुरु.

टेस्टिंग. साहेब, मामा, बेबीबाई, प्र., सगळे उभे. कॉक उघडला.

सव्वीस फिरले. पश्चिमेच्या भिंतीकडचे सहा मेले. थेंबही नाही.

साहेब म्हणाले, "प्रणाली बंद आहे." कोणी हसलं नाही. मामानं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. तो रोलर. नाहीतर ती घाई. फुटला म्हणजे फुटला, पण कुठे? अख्खी पट्टी उकरून काढावी असं वाटलं, आत्ताच्या आत्ता, नखांनी.

खाली बसलो. तोंडावर पाणी मारलं, आणि त्या पाण्यानंच सुचलं : फुटला असता तर पाणी कुठेतरी वर आलं असतं. पट्टी कोरडी होती. फुटलेला नाही. अडलेला आहे.

पहिला फवारा फिरवून काढला. आत रेती. माझीच, माझ्याच चाळणीतली. बाकी सगळीकडे भर टाकताना फवाऱ्यांना पिशव्या बांधल्या होत्या. या पट्टीवर घाईत नाही बांधल्या.

म्हणता आलं असतं की जुनीच रेती असेल, पाण्यातून आली असेल. कोणाला कळलं असतं? म्हटलं, "चूक माही हाये. या सहावर पिशव्या बांधल्या नव्हत्या मी."

मामा तोंड उघडणार तेवढ्यात साहेब म्हणाले, "किती अवधी लागेल?"

"एक तास."

"घ्या."

प्र. आतून बादली आणि जुना टूथब्रश घेऊन आली आणि समोर बसली. मी काढून देतो, ती घासते. बोलणं फक्त, "हा झाला" आणि "दे". एक तास. अंतर दोन हात नव्हतं. मोजायला कोण गेलं.

कॉक उघडला. सहाच्या सहा खोकले, रेती थुंकली आणि फिरायला लागले. बत्तीस! मामा शर्टासकट भिजला, हलला नाही. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मीही फवाऱ्याजवळ जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी ग्रुपवर साहेब : "प्रणाली पूर्ववत झाली काय?"

मी टाइप करत होतो, त्याआधी प्र. : "हो साहेब. सिंचनवाली झाली. मी तर आधीपासून ठीक आहे."

मग साहेब : "बोध झाला."


२ नोव्हें., रवि.

घरी तुळशीचं लग्न. त्याआधी आई-पप्पांना लॉन दाखवायला नेलं. आई हिरवळीच्या कडेलाच थांबली, "चालू का? खराब नाही ना होणार?" पप्पा बूट घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मध्येच थांबायचे, पाय आपटायचे. खोट शोधत होते. सापडली नाही, किंवा सापडली असेल तर बोलले नाहीत.

साहेबांनी पप्पांना सांगितलं, "संपूर्ण हंगाम देखभाल याच्याकडेच ठेवीन म्हणतो. डोके तापट आहे, परंतु चूक लपवत नाही." मी ऐकतोय हे त्यांना माहीत होतं.

गाडीजवळ येऊन पप्पांनी फोन लावला, माझ्यासमोर. "हो, पोराचं सांगितलं होतं तुम्हाले… नाही, सध्या नको. इकडेच लागला तो." ठेवला. मला म्हणाले, "सध्या म्हटलं मी."

सध्या तर सध्या. परत येताना गाडी मी चालवली. किती दिवसांनी खांदे खाली आले.


४ नोव्हें., मंगळ.

दुपारचा मुहूर्त. मंडपवाल्याच्या मागे सकाळपासून, प्रत्येक खुंटी कुठे ठोकायची ते मी दाखवायचं. चुन्यानं पाइपांच्या रेघा मारून ठेवल्यात, साडेतीन हजार वेळा सांगितलं तरी एक जण रेघेवरच घण उचलून उभा. ओरडलो. मग जाऊन नीट सांगितलं.

नवरदेवाची आजी, नऊवारी, हातात काठी, गेटपासून स्टेजपर्यंत एकटी निघाली. कोणाचा हात घेईना. मी दोन पावलं मागे. काठी कुठे अडली नाही, पाय कुठे मुडपला नाही. स्टेजच्या पायरीशी वळून मला म्हणे, "काहून रे, माह्या मागं मागं?"

"काही नाही, आजी. जेवण तिकडं हाये."

दिवसभरात कोणी पडलं नाही. मी श्रीखंड दोनदा घेतलं.


५ नोव्हें., बुध.

सकाळी नुकसान पाहायला गेलो. खुर्च्यांचे पाय, उंच टाचांची भोकं, सोफ्याखाली दबलेलं गवत. पंधरा दिवसांत भरून येईल. पाणी सोडलं, बत्तीस मोजले.

प्र. लवकर आली होती, रजिस्टर घेऊन ऑफिसच्या पायरीवर. मी समोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "काम पुरं झालं."

"दिसलं. बोल."

महिनाभर पाठ केलेलं सगळं गेलं. म्हटलं, "मार्चपासून."

"काय मार्चपासून?"

"सगळंच."

ती रजिस्टरमध्ये बघत राहिली. मग म्हणाली, "माहीत हाये मले. उतरवलेल्या कुंड्या परत गाडीत चढवून परत उतरवल्या होत्या तू. मले वाटलं, याचं डोकं ठिकाणावर नाही."

"मग?"

"मंग काय. ऐकीन म्हटलं होतं, ऐकलं. मले तू वाईट वाटत नाही. पण तुह्या रागाचं भेव वाटते. घरी सांगायच्या आधी मले माह्याच मनाले विचारा लागन. डिसेंबरमध्ये पेपर हायेत. डिसेंबरपर्यंत मले काही विचारू नको."

"आन् नाही म्हणशीन तं?"

"तं काय फवारे बंद करशीन? सीझन हाये." हसली. आत गेली.

मला राग यायला पाहिजे होता. आलाच नाही. उलट इतकं हलकं वाटलं की तसाच फवाऱ्यांमधून चालत पलीकडे गेलो, बेबीबाई ओरडली, "नवरदेव, चिखल करता!"

नाही म्हणाली नाही. हो पण नाही म्हणाली. डिसेंबर म्हणाली. आता घरी येऊन लिहिताना लक्षात येतंय, सुरुवातीचा डिसेंबर की शेवटचा, हे विचारायचं राहिलंच. आणि विचारू नको म्हणाली आहे.